वरच्या खोलीची घरपट्टी

आमच्या मामांना कुजबुजता येत नाही. हा स्वभाव नव्हे, धंद्याची देणगी आहे. सगळं आयुष्य दुकानांची शटरं दुरुस्त करण्यात गेलं. अडकलेलं शटर, तुटलेली स्प्रिंग, गंजून बसलेली पट्टी, आणि या सगळ्यांवर एकच उपाय, हातोडा. त्यात डावा कान केव्हाच कामातून गेला आणि उजवा अर्ध्या पगारावर आहे. मामा गुपित सांगायला लागले की समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबतात. लहानपणी ते माझ्या हातात गोळ्या कोंबून म्हणायचे, "मामीला सांगू नकोस हं!" आणि आत स्वयंपाकघरातून मामी उत्तर द्यायची, "नाही सांगणार तो."

गल्लीत त्यांना खडखडशेठ म्हणतात. त्यातल्या 'खडखड'कडे मामा काणाडोळा करतात आणि 'शेठ' तेवढं ठेवून घेतात.

घर त्यांनी बांधलं तेही थोडंफार शटरासारखंच, पट्टीला पट्टी जोडत. आधी दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मग मुलगा मोठा झाला तेव्हा वर त्याच्यासाठी एक खोली. जिना बाहेरून, लोखंडी, मामांनीच वेल्डिंग केलेला. खोलीच्या खिडकीला तावदानं नाहीत, छोटं शटर आहे. काच बाजारातून आणावी लागते, शटर घरचं, असा त्यामागचा विचार. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, सकाळी उठून ते वर ढकलायचा तेव्हा अर्धी गल्ली दचकून अंथरुणात उठून बसायची. दादा मग खिडकीतून वाकून सगळ्यांना विचारायचा, "झाली का झोप?"

दादा मालवाहू जहाजावर लागला. इंजिनखोलीत. "बाबांनी लहान खडखडाट ऐकला, मी मोठा ऐकतो," असं म्हणून गेला. पहिल्या फेरीहून परत आला तेव्हा दाढी वाढवलेली होती. मामीने त्याला उंबऱ्यावरच थांबवून आधी ती काढायला लावली. दुसऱ्या फेरीत कंपनीचा फोन आला. संध्याकाळी डेकवर दिसला होता, सकाळी कामावर आला नाही. जहाज शोधलं, मागे वळून पाणीही शोधलं, असं तो माणूस सांगत होता. मामीने त्याला एकच प्रश्न विचारला.

"पडताना कोणी पाहिलं?"

"नाही, बाई. पाहिलं असं कोणी नाही."

"मग?"

या 'मग'पुढे कंपनीने हात टेकले, नातेवाइकांनी टेकले, शोकाला आलेल्या बायका तर चहा पिऊन इकडच्या तिकडच्या गप्पा मारून परत गेल्या. मामीच्या घरी शोक नव्हताच. मुलगा बाहेर गेला होता.

मामांना खरं काय ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मामीला खोटं पाडण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. मामी दर आठवड्याला वरची चादर बदलायची. कोणी न वापरलेला टॉवेल धुऊन पुन्हा अडकवायची. साबण वाळून त्याला भेगा पडल्या की नवा ठेवायची. शर्टांना इस्त्री, दाढीच्या सामानात नवी पाती. मामा इस्त्रीचे कोळसे आणून द्यायचे आणि पात्यांचं पाकीटही आणून द्यायचे. कोणी नवखं माणूस मुलाची चौकशी करायला लागलं, तर घरातलं उत्तर ठरलेलं होतं. बाहेर गेलाय. हळूहळू ते गल्लीचंही उत्तर झालं. दूधवाला म्हणायचा, बेकरीवाला म्हणायचा. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला एकदा उत्साह आवरला नाही. "परवाच तर केस कापून गेला माझ्याकडून," असं त्याने एका पाहुण्याला ठोकून दिलं. मामीच्या कानावर आलं तशी ती तडक सलूनच्या दारात.

"तुमच्याकडे कधी कापत होता हो तो? कानामागे ओरखडे काढता तुम्ही. त्याचे केस मी कापते."

सलूनवाल्याने माफी मागितली. काय म्हणून मागितली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तर असं हे चाललं होतं, आणि पालिकेने सगळ्या घरांची नव्याने मोजणी काढली.

मोजायला आला तो चुणचुणीत मुलगा होता. हातात भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र. बटण दाबलं की 'टिक' होऊन लांबी पडद्यावर. मामा त्या यंत्रावर इतके खूश झाले की त्यांनी त्याच्याकडून मोरीसुद्धा मोजून घेतली. चहा झाला. मग स्वारी जिना चढून वर गेली, मामा मागोमाग. मामी खाली जिन्याशेजारी कपडे वाळत घालत होती.

मोजणीवाल्याने खोली पाहिली. खुंटीवर ओलसर टॉवेल. कोनाड्यात कोरा साबण. दोरीवर इस्त्रीचे शर्ट, पलंगाखाली सपाता.

"इथे कोण राहतं?"

मामांकडे दोन उत्तरं होती. त्यांतलं एक फक्त कुजबुजूनच देता आलं असतं, आणि कुजबुजणं त्यांच्या बापजन्मी जमलेलं नव्हतं. खाली मामीच्या हातातला कपडा दोरीवर पडायचा थांबला होता.

"मुलगा राहतो," मामा म्हणाले. "बाहेर गेलाय."

"कधी येतात?"

"नक्की नसतं त्याचं."

मोजणीवाला हसला. त्याचाही दोष नाही. त्या गावात भाडेकरू असा नसायचाच. ज्याच्या त्याच्या वरच्या खोलीत भाचा, पुतण्या, मेव्हणा नाहीतर शिकायला आलेला दूरचा कोणीतरी, आणि हे सगळे नातेवाईक महिन्याच्या पहिल्या तारखेला नात्याची किंमत मोजायचे. वेगळा जिना, वेगळं कुलूप, पालिकेच्या दप्तरी घरात माणसं दोनच. त्याने चहाबद्दल आभार मानले आणि खोलीपुढे लिहिलं, भाडेकरू.

दोन महिन्यांनी नवी आकारणी आली. मामांनी चष्मा पुसून ती वाचली, पुन्हा पुसून पुन्हा वाचली. शेवटी चष्म्यात दोष नाही हे मान्य करून खाली बसले. त्यात तीन घोळ होते. बाहेरचा उघडा जिना खोलीच्या मापात धरला होता. खिडकीला शटर म्हणजे आत दुकान असणार, या हिशेबाने निम्म्या खोलीला गाळा केलं होतं. आणि भाडेकरू. भाड्याच्या जागेचा दर राहत्या घराच्या कितीतरी पट. एक वर्ष कसंबसं भरता आलं असतं. दर वर्षी भरायचं तर मामांना पुन्हा उंच शटरांची कामं घ्यावी लागली असती, आणि गुडघ्यांनी शिडीशी कधीच काडीमोड घेतला होता. दुसरा मार्ग एकच, वरच्या खोलीत खरोखरच भाडेकरू आणून बसवणं.

मामीने सगळं ऐकून घेतलं. मग पिठाचे हात धुतले, पुसले आणि विचारलं, "म्हणजे तो आला तर झोपणार कुठे?"

मामांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"हरकत घ्या," मामी म्हणाली.

हरकत घेणं म्हणजे पालिकेत जाऊन आरडाओरडा करणं, असा मामांचा समज होता, आणि त्या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस गावात नव्हता. पण आकारणीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात नियम होते, ते मी वाचून दाखवले. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी अर्ज. कर जास्त वाटतो, परवडत नाही, पोटात गोळा आला, हे कारण होत नाही. मोजमाप चुकलं, बांधकामाचा प्रकार चुकला, वापर चुकला, हे कारण होतं. आणि जे चुकलं म्हणाल त्याचा पुरावा जोडायचा. फोटो, जुनी पावती, शेजारच्या तसल्याच घराची आकारणी. मामांच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात 'मी आजवर कोणाची एक स्प्रिंग बुडवलेली नाही' अशी होती. मी ती खोडली. ते रुसले. शेवटी जिन्याचा फोटो, शटराचा फोटो आणि खोलीबद्दल 'स्वतःच्या वापरात' असं लिहून अर्ज तयार झाला.

तो द्यायला आम्ही दोघं गेलो. खिडकीतला कारकून खरोखर भला माणूस होता. त्याने अर्ज वाचला, फोटो टाचले.

"जिन्याचं होऊन जाईल. शटराचंही होईल. राहिला भाडेकरू. मुलगा राहतो म्हणता ना वर?"

"हो."

"मग काय अवघड आहे? सुनावणीला मुलाला घेऊन या. ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, पाच मिनिटांचं काम."

मामा नुसते उभे राहिले. गजांना धरून. कारकुनाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. तो खुर्चीतून उठला, तोंडाभोवती हात धरले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "मुलाला! मुलाला घेऊन या!"

रांगेतल्या एक बाई मदत म्हणून मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मुलाला आणा म्हणतायत."

"ऐकलं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये हा विषय निघाला. निघायचाच, मामा तिथे दाढीला बसले होते आणि त्यांनी सगळी हकीकत त्यांच्या पद्धतीने, म्हणजे तिन्ही खुर्च्यांना पुरेल इतकी, सांगितली. सलूनवाला थोडा वेळ वस्तरा पुसत राहिला.

"शेठ, राग मानू नका. माझा पुतण्या आहे. त्याच वयाचा, अंगापिंडानेही तसाच. ओळखपत्राचं बघू काहीतरी. एक दिवस उभा राहील तुमच्या शेजारी."

मामा उठले. अर्ध्या गालाला साबण, गळ्यात फडकं, तसेच चालत घरी आले. मामीने विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "वस्तऱ्याला धार नव्हती." उरलेली अर्धी दाढी त्यांनी घरी स्वतः केली आणि हनुवटी कापून घेतली.

आता उरलेली वाट मला दिसत होती. मी मामांना त्यांच्या कामावरच गाठलं. एका औषधाच्या दुकानापुढे बसून ते स्प्रिंगला ग्रीस लावत होते. मी सांगितलं की फॉर्मात जागेच्या वापराचे तीनच रकाने आहेत. स्वतः राहतो, भाड्याने दिली, रिकामी. 'स्वतः राहतो' म्हणायचं तर राहणारा माणूसच उभा करावा लागतो. रिकाम्या जागेला सूट मिळते. मुलगा हयात नाही, खोलीत कोणी राहत नाही, एवढं अधिकाऱ्यासमोर सांगितलं की भाडेकरू कटेल आणि खोलीही घरात राहील.

"आणि 'येणार आहे' असा रकाना?" मामांनी विचारलं.

"तसा नाही, मामा."

ते ग्रीस लावत राहिले. लावता लावताच म्हणाले, "तो येणार म्हणावं तर त्याची खोली जाते. खोली ठेवावी तर तो येणार नाही असं म्हणायचं. कोणी काढलाय रे हा फॉर्म?"

मग डोकं वर न करता म्हणाले, "सुनावणीच्या दिवशी मामीला तुझ्या आईकडे घेऊन जा. काहीतरी निमित्त काढ."

आदल्या रात्रीच मुक्कामाला येऊन निमित्त मी झकास काढलं होतं. पण त्या सकाळी आम्ही उठायच्या आत मामी तयार होती. ठेवणीतले कपडे, हातात पिशवी. पिशवीत दादाचे शाळेचे दाखले, जहाजावर जातानाचा फोटो आणि त्याचा एक शर्ट.

"तू कशाला येतेस?" मामा म्हणाले. "कंटाळशील."

"घर दोघांच्या नावावर आहे ना?"

"आहे, पण..."

"मग चला. उशीर झाला की ते नंबर पुढे ढकलतात."

सुनावणीच्या हॉलमध्ये बाकं होती, आणि प्रत्येक बाकावर आपल्या घराची मापं पाठ करत बसलेली माणसं. पुढे टेबलाशी सुनावणी घेणाऱ्या बाई. त्यांना सर्दी झाली होती. एका हातात रुमाल, दुसऱ्यात पेन. शेजारी आमचा मोजणीवाला. मामांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी "हजर!" असं काही ओरडून सांगितलं की मागच्या बाकावरचं एक तान्हं रडायला लागलं.

जिना पहिल्या झटक्यात सुटला. बाईंनी फोटो पाहिला, मोजणीवाल्याकडे पाहिलं, त्याचे कान लाल झाले. "पाऊस पडला तर यावर भिजायला होतं ना? मग ही खोली कशी?" असं म्हणून त्यांनी माप कापलं. मग शटर.

"खिडकीला शटर कशाला लावलंत?"

"घरचं होतं," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा धंदाच शटरांचा. हलवायाच्या पोरांच्या खिशात मिठाई असते, तसं."

बाई शिंकता शिंकता हसल्या, हॉल हसला, गाळा कटला. मामीने मामांना कोपराने ढोसलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी मजा मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिला वाटत होतं, आपण जिंकतोय.

"आता वरची खोली," बाई म्हणाल्या. "कोण राहतं तिथे?"

"मुलगा," मामी म्हणाली.

"आलेत का ते?"

"बाहेर गेलाय."

"कामानिमित्त? किती दिवस झाले?"

मामी पिशवीतून दाखले काढायला लागली. तेवढ्यात मोजणीवाला बाईंकडे वाकला. आपली बाजू मांडणं त्यालाही भाग होतं. "मॅडम, दप्तरी यांचा मुलगा राहत असल्याची नोंद नाही. पण खोलीत राहता माणूस आहे, हे नक्की. टॉवेल ओला होता. साबण नवा, शर्ट इस्त्रीचे. मी स्वतः पाहिलंय."

मामीचे हात पिशवीतच थांबले. तिने त्या मुलाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड असं उजळलं की काय सांगावं.

"बघा!" ती बाईंना म्हणाली. मग मामांकडे वळून, "बघा, यांनीसुद्धा पाहिलं!"

इतक्या वर्षांत कोणीतरी परकं माणूस, सरकारी माणूस, तिच्या बाजूने साक्ष देत होतं. मामांनी तिच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते 'हो' म्हणतील. हजार भाडेकरू लिहा म्हणतील. पण बाईंनी पेन उचललं होतं, ते कागदावर टेकत होतं, आणि मामा बोलले. त्यांच्याकडे आवाज एकच होता, त्याच आवाजात बोलले.

"मॅडम, तो गेला. समुद्रात गेला. वर कोणी राहत नाही. टॉवेल ही धुते."

पालिकेच्या जिन्यावरून चढणारी माणसं मध्येच थांबली. दारातल्या शिपायाने हातातला चहाचा पेला उगाच दोन्ही हातांत धरला. मोजणीवाला आपल्या यंत्राकडे बघत राहिला.

मामी रडली नाही. तिने दाखले परत पिशवीत घातले, फोटो घातला, शर्टाची घडी बिघडली होती ती मांडीवर नीट केली.

बाईंनी नाक पुसलं. "मला 'रिकामी' असं लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "घर दोघांचं आहे. दोघांच्या सह्या लागतील. हवं तर पुढची तारीख देते. घरी बोला, मग या."

मामीने कागद आपल्याकडे ओढला. "यावर सही केली आणि तो आला, तर?"

"तर एक अर्ज द्यायचा. त्याच दिवशी बदलून देईन."

"तुम्हीच असाल?"

"मी नसले तरी या खुर्चीत कोणीतरी असेल, मावशी."

मामीने पेन घेतलं. पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर वळवून. मामांनी शेजारी आपला फराटा ओढला, बिलावर ओढतात तसा.

घरी येताना मामी चार पावलं पुढे. मामा आणि मी मागे. बेकरीपाशी ती थांबली, तेव्हा आम्ही तिला गाठलं. तिने मामांकडे पाहिलं नाही.

"इतक्या मोठ्याने बोलायची काय गरज होती?"

"मला हळू येत नाही गं."

"माहीत आहे," मामी म्हणाली आणि पुन्हा पुढे चालायला लागली.

प्रकरण तेवढ्यावर संपत नाही, कारण रिकामी म्हणजे नियमाप्रमाणे रिकामी. पलंग नको, कपडे नकोत, दोरी नको. पुन्हा तपासणी होते, फोटो निघतो, मगच सूट. मला वाटलं होतं, आता मामी आडवी येणार. तसं काही झालं नाही. तिने दोन दिवसांत एकटीने खोली आवरली. मामांना हात लावू दिला नाही. "तुमचे गुडघे," एवढंच म्हणाली. गादी उसवून कापूस काढला. पलंग सुट्टा करून पलीकडच्या गल्लीत एका नव्या जोडप्याला दिला. शर्ट बेकरीच्या भट्टीवर काम करणाऱ्या पोरांना. त्यातला निळ्या रेघांचा एक शर्ट अजून गल्लीत फिरताना दिसतो. पाव घेताना मामी त्याचं बटण तुटलंय का बघते, आणि तुटलं असेल तर दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन जाते. साबण खाली मोरीवर आला आणि महिन्याभरात झिजून संपला.

मोजणीवाला आला तेव्हा त्याने दाराबाहेर बूट काढले. मागच्या वेळी काढले नव्हते. मोकळ्या खोलीत नुसता उभा राहिला. भिंतीवर पलंग टेकायचा तिथे एक पट्टा गोरा राहिला होता. फोटो काढून तो खाली आला, मामीने दिलेला चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

"झालं?" मामीने विचारलं.

"झालं, मावशी."

"झाली ना रिकामी?"

त्याने मान डोलावली.

त्यानंतर मामी कधी वर गेली नाही. जिना झाडायचीसुद्धा थांबली. सगळ्यांनी म्हटलं, सुटली बिचारी, मनाने स्वीकारलं एकदाचं. मीही म्हटलं. मामांकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं.

मामा वर जायला लागले. आधी म्हणाले, शटर जाम होईल, तेल घालून येतो. मग तेलाचं निमित्तही सुटलं. कामावरून आले की पायऱ्यांचा कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायचे आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसून राहायचे. इतकी वर्षं वाट बघण्याचं सगळं काम मामीने अंगावर घेतलं होतं. घरात एक जण वाट बघतंय म्हटल्यावर दुसऱ्याला खरं काय ते माहीत असणं परवडतं. आता मामीने ते काम सोडलं आणि मामांच्या लक्षात आलं की ते आपल्याला येतच नाही. चादर कधी बदलायची हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, आणि चादरही उरली नव्हती. खालून मामी हाक मारायची, "जेवायला वाढलंय." पहिली हाक त्यांना ऐकू यायची नाही. दुसऱ्या हाकेला ते खोलीच्या दाराला बाहेरून कडी न लावता, नुसतं लोटून खाली यायचे.

पुढच्या वर्षी पालिकेचा कागद आला. रिकाम्या जागेची सूट एकदा मिळाली की कायमची मिळत नाही. जागा अजून रिकामीच आहे, असं दर वर्षी दोघांनी सह्या करून कळवावं लागतं, नाहीतर जुनी आकारणी पुन्हा लागू. मामीने आपली सही केली आणि कागद पेनासकट टेबलावर ठेवला. मामा म्हणाले, "मी देतो नेऊन." कागद खिशात घातला. पालिकेच्या रस्त्यावरच्या एका दुकानाचं कामही त्या आठवड्यात निघालं होतं, तिथे रोज जाऊन आले. मुदत संपली. मग बिल आलं, त्यात वरच्या खोलीपुढे पुन्हा भाडेकरू.

मामीने बिल वाचलं. "दिला नाहीत?"

"राहिला."

"सही केली होतीत?"

मामांचा हात छातीशी गेला. शर्टाच्या खिशात तो कागद घामाने मऊ होऊन अजून तसाच होता, आणि त्यावर सही एकच होती. मामीने बिलाची घडी घातली. "भरायचं कसं?" एवढं विचारलं, आणि मामा म्हणाले, "चढेन."

आता ते पुन्हा उंच कामं घेतात. मोठ्या गोदामांची, दुमजली दुकानांची. कामाला मामी बरोबर जाते. हाताखाली माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून शिडी मामी धरते.

परवा मी त्यांना एका गोदामापाशी गाठलं. बिलावर हरकत घ्यायला अजून काही दिवस शिल्लक होते. उशिराचं कारण दाखवून अर्ज करता आला असता, तो मी लिहूनच नेला होता. मामा वर होते, खांद्यापर्यंत शटराच्या पेटीत घुसलेले. मी खालून ओरडून सगळं सांगितलं. नुसती एक सही हवी आहे, बाकी सगळं मी बघतो.

बराच वेळ नुसता पान्ह्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "एकदा म्हणालो ना मी. सगळ्यांदेखत म्हणालो. दर वर्षी काय म्हणायचं रे?"

मी पुन्हा तोंड उघडलं. मामीने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती, आणि मान वर करून मामांचे पाय कोणत्या पायरीवर आहेत ते बघत होती.

"वर असताना बोलू नकोस त्यांच्याशी," ती मला म्हणाली. "पडतील."